उकिरड्याच्या बाजूनं

तळेगावच्या बाजारात आई पोत्याच्या तोंडाशी असलेलं धान्य कधी बघायची नाही. बांगड्या वर सारून ती कोपरापर्यंत हात आत घालायची, तळातली मूठ वर काढायची आणि तळहातावर पसरून फुंकर मारायची. व्यापारी म्हणायचा, वर-खाली एकच माल आहे. आई म्हणायची, मग खालचाच द्या. तो हसायचा, पण पोतं उलटं करायचा नाही. तेवढं बघून आई पुढच्या दुकानाकडं वळायची.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून पिशव्या धरून तिच्या मागं असायची. सगळ्या आया असाच बाजार करतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आमचं घर केंदूरच्या बाहेर, वस्तीवर. रान कोरडवाहू. बाजरी, मटकी, हुलगा, आणि वर्ष बरं असेल तर रब्बीची ज्वारी. विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी असायचं. त्यानंतर डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन गावच्या आडावर खेपा घालायच्या. आता आठवताना ती वाट, कडेच्या बोरी, हंड्यातलं पाणी मानेवर सांडायचं ते थंड वाटणं, सगळं बरं वाटतं. तेव्हा फक्त मान दुखायची.

आईची शाळा या रानातच भरायची. बी दुकानातून आणलं तरी ते पेरायचं नाही. वीस दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चुलीशेजारी ठेवायचे आणि पाचव्या दिवशी उघडून बघायचे. सोळाच्या खाली उगवले तर पिशवी परत. कोंबडीचं अंडं विकत घेतलं तर आधी पाण्यात. शेळीचा व्यापारी शेळीचं कौतुक करायला लागला की त्या दिवशी शेळी विकायची नाही, कारण घेणारा खोट काढतो, कौतुक करत नाही. बैल तर बाजारात बघायचाच नाही. बाजारात सगळे बैल तरतरीत असतात. विकणाऱ्याच्या घरी जायचं, दिवस कलताना, आणि बैल औत ओढून परत येतो तेव्हा त्याची चाल बघायची. वडिलांनी दोनदा आईला न विचारता बाजारातून बैल आणला. एक लंगडा निघाला. दुसरा लंगडा नव्हता, पण नांगराला जुंपला की बसायचा.

"घर आन् जनावर पुढनं बघू न्हाई," आई म्हणायची. "पुढनं समदी सारवलेलीच आसत्यात. उकिरड्याच्या बाजूनं बघावं."

आमच्याकडं एक गावठी गाय होती. ती आईशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. आई माहेरी गेली की मी तिचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, तिच्यासारखं घशातल्या घशात हुंकारत गाईखाली बसायची. गाय मान वळवून एकदा बघायची आणि अर्धं दूध द्यायची. मला वाटायचं मी तिला फसवलं. आई परत आल्यावर म्हणाली, फसवलं नाहीस, तिनं फसवू दिलं. उरलेलं तिनं वासराला ठेवलं. त्या पहाटेच्या धारा, पितळी चरवीत पडणाऱ्या दुधाचा आधी पातळ आणि मग जाड होत जाणारा आवाज, गाईच्या ऊबदार कुशीला टेकलेलं कपाळ, या गोष्टी मला आवडायच्या, आणि हे मी तक्रारीशिवाय लिहू शकते.

संध्याकाळी जनावरं रानातून यायची तेव्हा त्यांना कुणी ओढून न्यायचं नाही. दावं सुटलेलं असलं तरी प्रत्येक जनावर आपापल्या खुंट्याशी जाऊन उभं राहायचं. माणसाबद्दल विचारायचं असेल तर जनावराला विचार, हेही आईचंच. ते मला नीट कळलं मी वीस वर्षांची झाल्यावर, माझ्या लग्नाच्या वेळी.

वडगाव रासाईचं स्थळ मामानं आणलं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, तळेगावात राहणारा, चार माणसांत ऊठबस असलेला. भीमेच्या काठाचं घर, बारमाही पाणी, ऊस, दावणीला आठ जर्सी गाई, डेअरीला दोन वेळचं दूध. मुलगा धाकटा, बारावी झालेला, शेती करणारा. मामा हे सगळं सांगत होता तेव्हा वडिलांचा चेहरा असा झाला होता, जणू भीमेचं पाणी आमच्याच पाटात आलं.

ती माणसं जीप भरून आली. पोहे झाले, चहा झाला, मला उभं राहायला, चालायला, नाव सांगायला लावलं. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, एकटेच बोलत होते. वडिलांनी मुलाला चार गोष्टी विचारल्या. चारही उत्तरं आबांनी दिली. हे मी पाहिलं नव्हतं, आईनं नंतर सांगितलं. मुलगी पसंत असल्याचं ते उठतानाच सांगून गेले. देण्याघेण्याचं विचारलं तर म्हणाले, आम्हाला काही नको, मुलगी द्या, आणि जरा लवकर उरकू.

त्या संध्याकाळी आई मटकी निवडत बसली होती. वडील आनंदात होते. आई काही बोलेना, म्हणून त्यांनीच विचारलं, आता तुला नदीत पण खोट दिसते काय.

"नदीत न्हाई दिसत," आई म्हणाली. "नदीकाठच्या मान्साला पोरगी बघाया केंदुरात यावं लागलं, त्यात दिसती. त्या काठाला पोरी संपल्या व्हय?"

वडील म्हणाले, नशीब असतं एकेकाचं. आई मटकी निवडत राहिली. मग म्हणाली, काही मागत नाहीत तेही तिला बरं वाटत नाही. "ज्याला काय नको आसतं, त्याला काय तरी झाकायचं आसतं."

मी आतून ऐकत होते. मला ते घर हवं होतं. मुलगा हवा होता की नाही ते सांगता येत नाही. मी त्याला दहा मिनिटं पाहिलं होतं आणि त्यातली पाच मिनिटं कपबशांकडं. पण नदी मला हवी होती. घराच्या मागं पाणी, आणि ते डोक्यावर घेऊन चालायला लागत नाही, एवढ्यासाठी मी त्या दिवसांत कुणाशीही लग्न केलं असतं. आईला ते माहीत होतं. त्यामुळं तिचा माझ्यावरही भरवसा नव्हता.

घर बघायला आमच्याकडं तेव्हा गडीमाणसं जायची. आई म्हणाली, मी पण येणार. मामा म्हणाला, लोक हसतील. आईचं म्हणणं, चूल पोरीला पेटवायची आहे, तर ती चूल बघायला बाई लागते. तुम्ही लोक ओसरी बघून परत येता. वडील गेलेच नाहीत. मनातून त्यांचं ठरलं होतं, आणि आईबरोबर गेलं तर ते मोडेल अशी त्यांना भीती होती. मामा आणि आई दोघंच गेले.

मी तिथं नव्हते. पुढचं मी आईकडून ऐकलं, मामाकडून वेगळं ऐकलं, आणि पुढं सासूकडून तिसऱ्या तऱ्हेनं. जिथं तिघांचं जमलं नाही तिथं मी आईचं धरलं आहे, पण आईचंही सगळं धरलेलं नाही.

तळेगावपर्यंत एसटी आणि पुढं जीप. जीपनं रस्त्यावर सोडलं. मामा सरळ अंगणाकडं निघाला. आई चपलेत खडा गेल्याचं सांगून मागं राहिली आणि उसाच्या कडेनं घराच्या मागच्या अंगाला गेली. तिथं उकिरडा होता. आठ गाईंचं वर्षभराचं शेण पडलं की उकिरडा माणसाच्या वर जातो. हा तिच्या कमरेलाही लागत नव्हता.

ती पुढं आली, पदर सावरला, चहा घेतला. आबा गाई दाखवत होते. आठही गाई दावणीला, धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेलं. मामा एकेक गाय बघून मान डोलवत होता. आई गाईंकडं बघतच नव्हती, त्यांच्या पायांकडं बघत होती. गाय रोज एकाच जागी उभी राहते तेव्हा तिथं खुरांचे खळगे पडतात, कितीही मुरूम टाका. तीन गाईंखाली असे खळगे होते, जमीन मुतानं काळी पडलेली होती. उरलेल्या पाच गाईंखाली जमीन ताज्या शेणानं सारवलेली, सपाट. तीन खुंटे दाव्यानं घासून गुळगुळीत झालेले. पाच खुंट्यांची डोकी ठोकल्यामुळं पांढरी फुटलेली, आणि बुडाची माती अजून भुसभुशीत.

एवढ्यावर आईला कळलं होतं. तिथून उठून परत आली असती तरी चाललं असतं. पण ती उठली नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, गाई त्यांच्या नाहीत हे कळलं होतं, पण कुणाच्या आहेत ते कळायचं होतं.

जेवण झालं. तीन वाजले. आबा म्हणाले, चारनंतर जीप मिळायची नाही, तुम्ही निघालेलं बरं. आई म्हणाली, घाई नाही, चालत जाऊ. मग तिनं मुलाच्या आईकडं मांडवावरच्या दुधी भोपळ्याचं बी मागितलं. ते बांधून झालं तर पाणी मागितलं. पाणी झालं तर तिची चूल बघायला आत गेली आणि मडकी, डबे, पाटा-वरवंटा, सगळं बघून आली. मामाला घाम फुटला होता. मुलगा गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता आणि पाच गाईंकडं बघत होता. त्याच्या तोंडावरून, आई म्हणायची, चोर कळत नव्हता, पण चोराचा भाऊ कळत होता.

पाच वाजत आले. धारेची वेळ झाली की गाय घड्याळापेक्षा चोख असते. त्या पाच गाई पूर्वेकडं तोंडं करून हंबरायला लागल्या. मुलाच्या आईनं बादली घेतली आणि नेमकी जुन्या तिघींपैकी एकीखाली जाऊन बसली. नवीन पाचांपैकी एकीची कास इतकी भरली होती की दूध आपोआप जमिनीवर गळत होतं. आईला ते बघवेना. ती म्हणाली, हिच्याखाली मी बसते. आबा उठून उभे राहिले. पाहुण्यांनी धारा काढायच्या म्हणजे काय, वगैरे. आई बसलीच. गाईनं लाथ झाडली. आणि त्या गडबडीत दाव्याची गाठ सुटली.

सुटली, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. मामा म्हणायचा, सोडली. मी एवढंच लिहिते की गाठ मारायच्या आणि सोडायच्या कामात आमच्या वस्तीवर आईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गाय अंगणातून निघाली. मामाच्या पुढ्यातून गेली, उसाच्या कडेला वळली आणि कुणी हाकलत नसताना बांधानं सरळ शेजारच्या वस्तीकडं चालू लागली. आई म्हणाली, मी वळवून आणते, आणि तिच्या मागून निघाली.

शेजारच्या वस्तीवर एक म्हातारी बादली घेऊनच उभी होती. त्या घरातली आधीची पिढी मेंढरांमागं फिरलेली. आता ऊस लावून, गाई घेऊन एका जागी बसलेली माणसं. म्हातारी गाईला म्हणाली, आलीस का, आज पण उशीर लावतात की काय असं वाटलं. मग तिला मागून येणारी आई दिसली. आईनं सांगितलं, मी केंदूरची, शेजारच्या घरात पोरगी द्यायला आले आहे.

म्हातारीनं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग गाई आमच्या हायत," ती म्हणाली.

पोरीचा प्रश्न आहे म्हणून, आईनं काहीही विचारायच्या आधी. आई हे वाक्य सांगताना दर वेळी हसायची, आणि ती सहसा हसणारी बाई नव्हती.

मग म्हातारीनं धार काढता काढता बाकीचं सांगितलं. आबांचा थोरला मुलगा वर्षापूर्वी वेगळा झाला. वाटणीत पाच गाई तो घेऊन गेला आणि पलीकडं दौंडच्या बाजूला सासुरवाडीच्या रानात राहायला गेला. जवळपासच्या सगळ्या गावांना हे माहीत होतं. थोरला गेला तर सासूतच काहीतरी असणार, असं लोक धरून चालले होते. म्हणून मुलगी बघायला लांब जायचं. केंदूर लांब होतं. आईनं विचारलं, सासूत आहे का काही?

"बोलती लई," म्हातारी म्हणाली. "पर उपाशी ठिवत न्हाई. थोरलीला बी ठिवलं न्हाई. थोरलीला म्हायेर जवळ पायजे व्हतं, बास."

आईचा विश्वास बसला असं नाही. तिनं पुढचं विचारलं: दुभत्या गाई दोन दिवस दुसऱ्याच्या दावणीला द्यायचं मन कसं झालं? म्हातारीला प्रश्नच कळला नाही. तिच्या दृष्टीनं त्यात काही नव्हतं. आबांकडून यांनी बैल आणले होते, यांच्याकडून आबांनी पाइप नेला होता. दिलेलं परत कधी मागावं लागलं नाही, एवढंच ती म्हणाली.

आई परत निघाली तेव्हा तिनं बांध बघितला. येताना गाईच्या नादात लक्ष गेलं नव्हतं. आमच्या केंदुरात बांधावर एक पाय ठेवला की दुसरा हवेत असतो. दोन्हीकडचे मालक नांगराच्या फाळानं दर साली बोटबोट कोरत आणतात. हा बांध गाय आणि बाई शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद होता. दोन्ही बाजूंनी गवत, कुठं फाळ लागल्याची खूण नाही.

त्या बांधावरच मुलगा समोरून आला. गाय न्यायला आला होता, पण गाय तर घरी पोचली होती. आईनं त्याला थांबवलं.

"ह्ये डोकं कुनाचं?"

"आबांचं."

"तू काय म्हनालास?"

"नको म्हनालो व्हतो."

"मंग आणल्या कुनी?"

"मीच," तो म्हणाला. मग म्हणाला, "मामी, बाकीच्या चार बी सोडू का? धारंला उशीर झालाय. कासा तटल्यात पार."

आई म्हणाली, सोड. त्यानं जाऊन चारही दावी सोडली. आबांच्या देखत त्या चार गाई एकीमागं एक, बांधावरून, म्हातारीच्या वस्तीला गेल्या. आबा खाली मान घालून तंबाखू मळत होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि आता दावणीला किती राहिल्या ते विचारलं. आबा म्हणाले, तीन. आई म्हणाली, मग तीनच सांगायच्या होत्या. त्यानंतर आई आणि मामा खरोखरच चालत निघाले, कारण जीप गेली होती. पुढं उसाचा ट्रॅक्टर मिळाला म्हणून बरं. मामा वाटभर बोलला नाही, आणि पुढचे सहा महिने आईशी नीट बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढताना आईनं मला हे सगळं सांगितलं. वडील तोवर संतापले होते. फसवणूक झाली म्हणत होते, त्या गावाच्या दिशेला तोंड करायचं नाही म्हणत होते. कालपर्यंत तेच या लग्नाच्या बाजूला होते. मला वाटलं, संपलं, नदी गेली. आणि तेव्हा आई म्हणाली की तिचं अजून नाही म्हणून ठरलेलं नाही.

मी चिडले. म्हटलं, त्यांनी खोटं दाखवलं, ते तूच पकडलंस, आणि आता तूच असं म्हणतेस. आईनं चरवी खाली ठेवली. दुभती गाय उसनी मिळते म्हणजे शेजार नीट आहे, ती म्हणाली. शेजार नीट म्हणजे बांध नीट. आणि तो तिनं डोळ्यानं बघितला होता. खोटं बोलले, पण त्यांना ते नीट जमलं नाही, कारण सवय नव्हती. सवयीच्या माणसानं आधी उकिरडा मोठा केला असता.

"आजून एखादं खोटं निघंल," मी म्हटलं.

"निघंल की. पर कुठं हात घालून बघायचं त्ये तुला कळतंय. आता तूच ठरीव."

एवढं मोठं काम तिनं माझ्यावर टाकलं आणि वासरू सोडायला उठली. मी तीन दिवस विचार केला. आईच्या डोळ्यांनी बघायला लागल्यावर मला सगळंच संशयाचं दिसायला लागलं. तो मुलगा खरं बोलला, की पकडला गेल्यावर खरं बोलणं फायद्याचं आहे हे ओळखून बोलला? गाईंची काळजी खरी होती, की आईला काय आवडेल हे त्यानं हेरलं होतं? शेवटी मी सांगितलं, त्याला एकट्याला बोलवा. आबांशिवाय.

तो मोटरसायकलवर आला. त्यानं गाडी स्टँडला लावायच्या आत आईनं विचारलं, गाडी कुणाची. "मित्राची," तो म्हणाला. आईनं माझ्याकडं बघितलं.

मी दारातच उभी होते. मला जे हवं होतं तेच मी विचारलं: पाणी खरंच बारा महिने असतं, का तेही दोन दिवसांचं?

तो हसला नाही. म्हणाला, नदीला असतं. विहिरीला चैत्रात कमी पडतं, तेव्हा नदीवरून घेतो. आणि मग, मी न विचारता, "पाइप शेजाऱ्यांचा हाय."

मी हो म्हणाले ते त्या पाइपावर. आईनं नंतर कधी म्हटलं नाही की बरोबर केलंस. चूक केलीस असंही म्हटलं नाही.

परवा माझ्या मुलीसाठी एका स्थळाचे फोटो फोनवर आले. मुलगा पांढऱ्या चारचाकीला टेकून उभा, मागं बंगला. मुलगी म्हणाली, बघ ना आई. मी फोटो मोठा केला. नंबरप्लेट पिवळी होती, म्हणजे भाड्याची गाडी. बंगल्याच्या कठड्यावर दोन वेगवेगळ्या घरांचे कपडे वाळत होते, म्हणजे बंगलाही एकट्याचा नव्हता. मुलगी म्हणाली, तू आजीसारखी आहेस. तिला ते दोष म्हणून सांगायचं होतं.

माझ्या लग्नात आंदण म्हणून आईनं मला त्या गावठी गाईची कालवड दिली. भांडी नेहमीची, बाकी काही नाही. माझी सासू बोलणारी होती, म्हातारी म्हणाली होती तशीच. टेम्पोतून कालवड उतरवली तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ही तरी तुमचीच हाय ना गं?"

मी नवी नवरी. मान खाली घालून म्हटलं, सोडून बघा.

तिनं खरंच सोडली. त्यांच्या घरात संशय काय आमच्यापेक्षा कमी नव्हता. कालवड टेम्पोच्या चाकाच्या खुणांवरून रस्त्याकडं पळाली, आणि मी हळदीच्या पायांनी, शालूचा घोळ धरून, उसाच्या कडेनं तिच्या मागं. माझ्या मागं नवरा, त्याच्या मागं शेजारची म्हातारी. वळवून आणली तेव्हा सासू म्हणाली, केंदूरकडं पळाली म्हणजे केंदूरचीच. तिची खात्री पटली. त्या दिवसापासून आमचं बरं चाललं. आम्ही एकमेकींचं काहीच तपासल्याशिवाय घेतलं नाही, त्यामुळं भांडणं कमी झाली. दौंडकडचा दीर पुढं सणावारी यायला लागला, त्याच्या येण्यामागं काय आहे हे आम्ही दोघींनी मिळून पहिली दोन वर्षं शोधलं. काही नव्हतं.

आई वर्षातून दोनदा यायची. कधी कळवून आली नाही. आणि कधी पुढून आली नाही. रस्त्याला उतरायची, उसाच्या कडेनं मागच्या अंगाला जायची, उकिरडा बघायची, मग गोठ्यात. गाईंखालचे खळगे बघून झाले की घरात. रस्त्याला जीप थांबल्याचं ऐकून मी चूल सोडून पुढच्या दारात जाऊन बसले तर ती मागून म्हणायची, इकडं आहे मी. तीन गाईंच्या चार झाल्या, सहा झाल्या, आज अकरा आहेत. उकिरडा आता माणसाच्या वर गेला आहे, आणि बांध तेवढाच आहे.

शेवटी आली तेव्हा पुढच्या दारानं आली. रिक्षा थेट अंगणात आणली होती. उतरून ओसरीवर बसली आणि पाणी मागितलं. मागं गेली नाही. माझ्यावर विश्वास बसला होता की गुडघे गेले होते, ते मी विचारलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिनं तांब्या उलटा करून त्याचं बूड बघितलं, घासलं आहे का ते, आणि मग खाली ठेवला.